जनुकांकडून प्रतिकारशक्तीकडे: मैत्रिणीस पत्र

खारघर, नवी मुंबई

प्रिय सुमती,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या भेटीत अर्धवट राहिलेला प्रश्न तू पत्रात पुन्हा विचारला आहेस: कर्करोगाच्या जनुकांवर इतकी वर्षे काम केल्यावर मी प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे का वळले? हे फोनवर सांगण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रेणवीय जीवशास्त्र शिकले तेव्हा कर्करोग म्हणजे पेशीच्या आत बिघडलेली जनुके, एवढेच आमचे जग होते. पी-५३ सारख्या, पेशीविभाजनावर पहारा ठेवणाऱ्या जनुकात बदल झाला की पेशी बेबंद वाढू लागते. तो बदल शोधायचा आणि त्याचे परिणाम तपासायचे. तंबाखू आणि मशेरीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आहे की अभ्यासासाठी नमुन्यांची वाण कधी पडली नाही, आणि या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते. परंतु त्याच बायोप्सींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना एक गोष्ट स्वस्थ बसू देत नसे. गाठीच्या कडेला, कधी तर थेट आतही, लिम्फोसाइटांची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची, दाटी असे. शत्रूला मारणाऱ्या पेशी जागेवर हजर असूनही गाठ वाढतच होती. याचे उत्तर केवळ कर्कपेशीच्या जनुकांत मिळणार नाही, हे मला हळूहळू पटत गेले.

उत्तराचा मोठा भाग जपानमध्ये आणि अमेरिकेत सापडला. तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये टी-पेशींवरील, म्हणजे हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइटांवरील, पीडी-१ हा लगामासारखा रेणू शोधला. जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये सीटीएलए-४ हा दुसरा लगाम प्रतिपिंडाने सैल केल्यास उंदरांमधील गाठी नाहीशा होतात, हे दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. यातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग असा: टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन गॅमा नावाचे प्रथिन सोडते, आणि त्याच प्रथिनाची चाहूल लागताच कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवते, जे पीडी-१ ला चिकटून टी-पेशीला थोपवते. म्हणजे हल्ल्याची खूणच बचावाला कारण होते. ही साखळी समजली तेव्हा मी कामाची दिशा बदलली.

वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या वास्तूत आपण व्याख्यान ऐकले होते, आठवते? ती संघटना १९७३ मध्ये उभी करण्यात पुढाकार घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनीच मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याची ती विद्या आज थेट उपचारात उतरली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार-१९ या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नवे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि परत देतात. २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. मात्र तो बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटांच्या रक्तकर्करोगांसाठी आहे. त्या पेशींवर सीडी-१९ ही ठळक खूण असते. तोंडाच्या गाठीवर, निरोगी पेशींना धक्का न लावता नेम धरता येईल, अशी खूण अजून हाती आलेली नाही.

आता पैशांविषयी, कारण तू तोही मुद्दा काढला आहेस. पीडी-१ रोखणारे निव्होलुमॅब हे औषध परदेशात बहुधा २४० मिलिग्रॅमच्या मात्रेत दर दोन आठवड्यांनी देतात, आणि आपल्याकडील बहुसंख्य कुटुंबांना ते परवडत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डोके व मान यांच्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगात तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, दिले. वर्षअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. यामागे जैविक आधारही आहे: थोड्या मात्रेतही टी-पेशींवरील पीडी-१ चे बरेचसे रेणू व्यापले जातात. ती तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, त्यामुळे दोन्ही मात्रा सारख्याच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही. तरीही मात्रा किती कमी चालेल हा प्रश्न कुणी खर्चाची काटकसर म्हणून बाजूला सारतो तेव्हा मला राग येतो. माझ्या मते तो प्रतिकारशास्त्राचा पहिल्या प्रतीचा प्रश्न आहे.

त्या ४३ टक्क्यांपलीकडे राहिलेल्या रुग्णांसाठी माझे सध्याचे काम आहे. काहींच्या गाठीत टी-पेशी शिरतच नाहीत. काहींच्या गाठीत शिरतात, पण दीर्घकाळ झुंजून इतक्या थकतात की लगाम काढला तरी उठत नाहीत. हे दोन प्रकार उपचारापूर्वीच्या बायोप्सीवरून वेगळे ओळखता येतील का, हे आम्ही एकेका पेशीतील आरएनए, म्हणजे चालू जनुकांचे संदेश, वाचून तपासत आहोत. तुझ्या लेकीला यात खरोखर रस असेल तर तिला आधी संख्याशास्त्र पक्के करायला सांग आणि सुट्टीत चार दिवस माझ्याकडे पाठव. प्रयोगशाळेत बसण्याची परवानगी मी आधीच काढून ठेवते.

तुझी,
मंजिरी