खड्डा मोजायचा तर आमच्यासमोर मोजा साहेब

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री, नवी दिल्ली यांस,

साहेब नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगराकडंला आमचं गाव, कोरडवाहू शेती, त्यामुळं निम्मी पोरं ऊसतोडीला जातात अन् बाकीची खडी क्रशरवर. माझा चुलतभाऊ खदानीत ट्रॅक्टर कंप्रेसरवर होल मारायचा. २०२२ च्या पावसाळ्यात वरचा मुरूम दगडासकट खाली आला अन् तो त्याखाली गेला. ३१ वर्षांचा होता, दोन लेकरं आहेत.

मालकावर केस झाली. त्यानं ती लढवली, अजून लढवतोय. लढायचा हक्क त्याला कायद्यानंच दिलाय, त्याला माझी हरकत नाही. पण तो काय म्हणून लढतोय ते ऐका. तो म्हणतो ही खाणच नाही, हा नुसता मुरमाचा खड्डा आहे.

हे बोलणं त्याला कुणीतरी नीट शिकवलेलं आहे. मुरूम, दगड, खडी काढणाऱ्या छोट्या उघड्या खाणींना १९५२ च्या खाण कायद्यात बऱ्याच कलमांतून सूट होती, कामगारांच्या सुरक्षेचा जो नवीन कायदा आलाय, ज्याला कोड म्हणतात, त्यातही ती ठेवलीय. पण खोली कुठंच ६ मीटरच्या वर नको, एका दिवशी ५० च्या वर माणसं नकोत अन् स्फोटकं वापरायची नाहीत, ह्या तिन्ही गोष्टी एकदम पाळल्या तरच ती सूट मिळते. आता ज्या खड्ड्यात होल मारायला माणूस लावला होता तिथं सुरुंग उडत नव्हता हे कुणी कसं मान्य करायचं? अन् खोली त्यानं लिहून दिली साडेपाच मीटर.

साहेब, ती खोली आम्ही मोजलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलत्यानं, म्हणजे त्याच्या बापानं, विहिरीचं चऱ्हाट नेलं, टोकाला दगड बांधला, काठावर पालथं पडून खाली सोडलं अन् दगड टेकला तिथं वर गाठ मारली. मग काठावरच बसून हातानं मोजत आला. चोवीस हात. म्हणजे ३६ फूट, म्हणजे ११ मीटरच्या आसपास. त्याच रात्री पोकलेन चालू झालं, आम्ही घरातून आवाज ऐकत होतो, सकाळी बघितलं तर खड्ड्यात मुरूम ढकललेला होता. माणूस मेलेली जागा सरकारी खाण निरीक्षक येईपर्यंत हलवायची नाही असं तेव्हाच्या १९५२ च्या कायद्याचं कलम २३ सांगायचं, ७२ तासात ते आले नाहीत तरच काम चालू करता यायचं. पण निरीक्षक येणार नागपूरहून, तोवर खदानीवर राखण कुणाची? मालकाचीच.

अन् कड्याचं काय सांगू. मुरूम असेल तिथं ४५ अंशाचा उतार ठेवा नाहीतर दीड दीड मीटरच्या पायऱ्या काढा, कठीण दगडात पायरी ६ मीटरच्या वर नको, हे १९६१ च्या खाणींच्या नियमात आहे. आमच्या भागातल्या कितीतरी खदानी मी बघितल्या, सरळ उभी भिंत, वर मुरूम लोंबतोय.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं माहितीय का, सरकारला खड्डा मोजता येत नाही असं नाहीच. रॉयल्टीसाठी ईटीएस मशीन, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, लावून किती ब्रास काढलं ते मोजतात. चोरून मुरूम उचलला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, गाडी जप्त. अन् जुन्या कायद्यात नियम मोडल्यानं माणूस मेला तर दंड जास्तीत जास्त ५००० रुपये, हो, पाच हजारच, कैद दोन वर्षांपर्यंत होती पण कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं लिहिलेलं. म्हणजे महसूलवाल्यांच्या कागदात खोली असते अन् सुरक्षेच्या केसमध्ये मालकानं सांगितलेली खोली चालते, दोन्ही कागद सरकारचेच ना?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कोड लागू झाला, त्यात माणूस मेला तर दंड कमीत कमी ५ लाख अन् त्यातला निम्मा तरी वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं, हे चांगलं केलंत, मनापासून आभार. आमच्या भावाला ते लागू नाही, जाऊ द्या, पुढच्याच्या लेकरांना मिळेल. पण आता पाच हजाराचे पाच लाख झाले म्हटल्यावर प्रत्येक मालक "ही खाणच नाही" हेच म्हणणार, अन् ते टिकलं की वारसांच्या हातात काय येणार.

म्हणून विनंती एवढीच की अपघात झाला त्याच दिवशी तलाठी अन् पोलिसांनी घरच्यांसमोर टेप लावून खोली मोजावी, पंचनाम्यात लिहावी, फोटो काढावेत. तलाठी जवळच असतो, त्याला नागपूरहून यायचं नसतं. ईटीएसचा रिपोर्ट केसमध्ये मागवायचाच असा नियम करा. अन् मालक दंडाविरुद्ध कुठंही गेला तरी मेलेल्याच्या घरी मराठीत नोटीस यावी, आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल नको. चार वर्षांत आम्हाला एकदाही कुणी बोलावलं नाही. तारीख लागून गेली हे आम्हाला क्रशरवरच्या पोरांकडून कळतं.

चुलत्यानं ती गाठ अजून सोडलेली नाही. तारीख कळवा, चऱ्हाट घेऊन येतो.

आपला,
खदानीत भाऊ गेलेला एक जण, जि. लातूर