संज्या, कपड्यांचा प्रश्नच नाहीये रे

संज्या,

परवा तुझा फोन ठेवला आणि मग रात्री बराच वेळ झोप लागेना. पोरीच्या वर्गाला गॅदरिंगला कुठलं गाणं दिलंय ते कळल्यावर वहिनी वैतागल्या आणि तू म्हणालास की जाऊ दे ना, नऊवारी नेसवणारेत, अंगभर कपडे आहेत, मग वाईट काय त्यात. मी नुसतं हं हं करत राहिलो. फोनवर मला सुचत नाही हे तुला माहितीये, म्हणून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बस.

गेल्या महिन्यात एडिटिंगचं एक काम आलं होतं, यूट्यूबसाठीचं अल्बम साँग. एका जुन्या वाड्यात शूट, विशीतली मुलगी, हिरवी नऊवारी, नथ, सगळं अगदी तू म्हणतोस तसं अंगभर. रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज, लावले आणि हेडफोन घालून बसलो, कारण प्लेबॅक सुरू व्हायच्या आधी सेटवर जे बोलणं चालतं ते पण रेकॉर्ड झालेलं असतं आणि कुठला टेक ओके आहे ते त्यातूनच कळतं. तर एका टेकच्या आधी ती मुलगी विचारते, "दादा, तोंड येतंय ना फ्रेममधे?" आणि कॅमेऱ्यामागून आवाज येतो, "येतंय येतंय, तू कर." आणि माझ्यासमोर स्क्रीनवर जी फ्रेम आहे ती छातीपासून गुडघ्यापर्यंत. तोंड नाहीच त्यात. आणि ती पोरगी जीव तोडून एक्स्प्रेशन देत असणार रे, तिच्या मानेच्या हालचालीवरून कळत होतं, कारण मान जिथे वळते तिथे खांदा थोडा हलतो आणि तेवढाच खांदा फ्रेमच्या कडेला दिसत होता.

मी तिथेच पॉज केलं. इतकी वर्षं गाणी कापतोय, असले शॉट हजारोंनी लावलेत आणि कधी हात थांबला नव्हता.

आता हे कसं बनतं ते सांगतो, कारण बघताना ते कळत नाही. ढोलकीची थाप पडली की कट मारायचा. थाप, कंबर. थाप, पाठ. थाप, ओठ. मधे हीरोचा रिॲक्शन शॉट, तो बघतोय, हसतोय, दोस्ताला कोपर मारतोय. मग परत कंबर, पण आता ती स्लो-मोमधे. त्या एका रिॲक्शन शॉटने सगळा खेळ होतो बघ, कारण त्यानंतर जे दिसतं ते तो बघतोय असं आपल्याला वाटतं आणि आपण बघणारे त्याच्याच खुर्चीत जाऊन बसतो, मग आपण पुरुष असू की बाई. लॉरा मल्व्ही नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९७५ साली एका लेखात हेच मांडलंय, त्यांचा विषय हॉलिवूडचे जुने पिक्चर होता, की कॅमेऱ्याची नजर, गोष्टीतल्या पुरुषाची नजर आणि प्रेक्षकाची नजर अशा तिन्ही एकात एक मिसळतात आणि बाई फक्त बघायची वस्तू उरते. मेल गेझ, म्हणजे पुरुषी नजर, हा शब्द तिथून आला. आणि माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर बघ, हीरोचं डोकं मी कधीच कापत नाही. त्याचं कपाळ, डोळे, दात सगळं शाबूत, कारण बघणारा तो आहे ना.

आपल्याकडे भांडण मात्र कायम दुसऱ्याच गोष्टीवर झालं. १९९३ ला 'चोली के पीछे' आलं तेव्हा शब्द अश्लील आहेत म्हणून पार दिल्लीत कोर्टात गेले लोक. शब्दांवर एवढी चर्चा, आणि त्या गाण्यात सुरुवातीला माधुरीचा चेहराच घुंघटाखाली झाकलेला आहे आणि बाकीच्या अंगावर कॅमेरा आहे याबद्दल कोण काय बोललं? मग २००२ चं 'काँटा लगा' आठव, आपण मेसमधला टीव्ही सोडायचो नाही, जेवण गार व्हायचं. १९७२ चं लताबाईंचं गाणं, त्याचं रीमिक्स, आणि अख्ख्या देशात चर्चा कशाची तर त्या मुलीच्या जीन्सवर दिसणाऱ्या आतल्या कपड्याच्या पट्टीची. शेफाली जरीवाला तेव्हा इंजिनिअरिंगला होती, म्हणजे आपल्यासारखीच कॉलेजात. गेल्यावर्षी जूनमधे, म्हणजे २०२५ ला, ती बेचाळिसाव्या वर्षी गेली आणि बातम्यांत नावाआधी काय तर 'काँटा लगा गर्ल'. मला फार वाईट वाटलं रे त्या दिवशी. आणि बनवणारी बाई असली की नजर बदलते असंही नाही हं, त्या व्हिडिओच्या दोन डायरेक्टरमधे एक राधिका राव होती.

उलटं करता येत नाही का? येतं की. १९९५ चं 'मेड इन इंडिया' गाणं घे. गाणारी अलिशा चिनॉय राणी होऊन बसलीये, एकेक पुरुष समोर येतोय आणि ती नको म्हणतेय, आणि शेवटी उघड्या छातीचा आपला मिलिंद सोमण. तिथे बघतेय ती, तिला काय वाटतंय ते कॅमेरा बघतोय. तेव्हा आपल्याला ते नुसतं वेगळं वाटलं होतं, का ते आता कळतंय.

आणि तुझ्या नऊवारीचं. लावणीवाल्या यमुनाबाई वाईकरांचं म्हातारपणीचं एखादं रेकॉर्डिंग बघ, बसून अदा करतानाचं. अंगभर लुगडं, जागेवरून हलत नाहीत, सगळं काम डोळ्यांचं आणि बोटांचं, आणि त्या समोरच्याकडे अशा थेट बघतात की मान खाली घालायची पाळी बघणाऱ्यावर येते. लावणी लिहिणारे शाहीर बहुतेक पुरुषच, समोर बसणारे पण पुरुष, आणि फडावरच्या बायकांचे काय हाल झाले ते मी विसरलेलो नाही. पण बैठकीत बाई अख्खी दिसायची रे, तिचे तुकडे कोणाला करता येत नव्हते. तीच लावणी, तीच नऊवारी माझ्यासारख्याच्या टाइमलाइनवर आली की झाली थाप, कंबर, थाप, पाठ. म्हणून म्हणतोय, कपड्यांवर जाऊ नकोस.

श्रेया घोषाल एका मुलाखतीत बोलली होती की पाच-सहा वर्षांच्या मुली 'चिकनी चमेली' गातात, त्याचा अर्थ त्यांना कळत नाही आणि तिला त्याची लाज वाटते. गाणारीला वाटली. आपल्या अजय-अतुलचीच ती मूळ मराठी गाण्याची चाल, आपण पण त्यावर वरातीत नाचलोय.

त्या कामाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी एक वेगळा कट केला, वाइड शॉट जास्त, तिचा चेहरा जास्त, रिॲक्शन शॉट दोनच. प्रोड्यूसरने अर्धा मिनिट बघितला आणि म्हणाला भाऊ, असं नाही चालत, थंबनेलला पण ते आधीचंच टाक. हप्ता आहे, स्टुडिओचं भाडं आहे, मी त्याच्या मनासारखा कट करून दिला. एका अंतऱ्याच्या शेवटी ती वळून सरळ लेन्समधे बघते असा तीन सेकंदांचा शॉट होता, तेवढा भांडून ठेवला.

माझा पहिला कट हार्ड डिस्कवर आहे, आणि तो टेकपण आहे, आवाजासकट. दिवाळीत आलास की दोन्ही कट लावतो, आधी म्यूट करून बघू. वहिनींना पण आण. आणि पोरीच्या बाईंना फोन करणार असशील तर गाणं बदला एवढंच म्हणू नकोस, शूटिंग कोण करणारे आणि कुठून करणारे तेपण विचार.

तुझा,
नित्या