के-ए बावीसचं पत्र, तळमजल्यावरच्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात बेळगावहून आमच्या गल्लीतल्या एका पोराचा फोन आला. त्याला कांजूरमार्गला नोकरी लागलीय. मोटारसायकल घेऊन येऊ की विकून येऊ, असं विचारत होता. मी पाऊण तास बोललो. एनओसी, रेल्वेचं पार्सल, जे. जे.चा पूल, पावसात कुठे पाणी भरतं, सगळं. शेवटी तो म्हणाला, "दादा, तुला लई माहिती आहे की!" फोन ठेवला आणि लाज वाटली. त्या पाऊण तासात माझी स्वतःची फार तर दोन वाक्यं असतील, बाकी सगळं तुमचं. मी आपला नुसता कंडक्टर, तिकीट फाडून हातात दिलं इतकंच. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता चारचौघांसमोर लिहितोय.

मी भांडुपच्या त्या इमारतीत पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या चाकांच्या तारांत पेंढा अडकलेला होता. गाडी रेल्वेने दादरला आली होती. टाकी पूर्ण रिकामी करून, अंगाला गोणपाट आणि सुतळी, आणि पाठीवर पुठ्ठ्याचा पत्ता. टाकीत थेंब नाही, पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून दादरच्या गर्दीतून ढकलत पंप गाठला होता. तुम्ही पायरीवर बसला होता. चाकाकडे बघून म्हणालात, "काय रे, गवतात शिरला होतास काय?" मुंबईत माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्याच संध्याकाळी सोसायटीत गाडीवरून बैठक भरली. भाडेकरूला पार्किंग नाही, त्यात परराज्यातली गाडी तर नकोच, असं ठरत आलं होतं. बेळगाव परराज्य, हे ऐकून मला काय वाटलं ते बेळगावकरालाच कळेल, पण खोलीचं डिपॉझिट भरून झालं होतं, मी गप्प बसलो. तेव्हा तुम्ही तुमच्या जागेवरून उठलात. पंपरूमच्या बाजूची ती साडेतीन फुटांची पट्टी तुमच्या नावावर होती. तिथे तुमची निळी प्लास्टिकची खुर्ची आणि रंगाच्या डब्यात लावलेलं अळू असायचं. छत्तीस वर्षं बेस्टची बस चालवली, पण स्वतःची म्हणावी अशी सायकलसुद्धा घेतली नाही, हे तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलंत आणि खुर्ची उचलून भिंतीकडे सरकवलीत. अळूचा डबा मात्र हलवला नाहीत. "त्याला धक्का लागला तर गाडी बाहेर," एवढीच अट. नंतर मी भाडं विचारलं तर दोन दिवस बोलला नाहीत.

तेव्हापासून गाडीच्या बेळगावच्या नंबरपाटीवरून इमारतीत माझं नाव 'केए बावीस' पडलं. दूधवालासुद्धा तसंच म्हणायचा.

कागदपत्रांचा विषय मी टाळत होतो. तुम्ही टाळू दिला नाहीत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 47, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. हे तुम्हाला पाठ होतं, आणि महिना संपला की तुम्ही "किती झाले रे?" असं विचारायचात, जणू माझी बाळंतपणाची तारीख जवळ येत होती. त्यातल्या त्यात पळवाट म्हणून मी बीएच सिरीजचं काढलं, 2021 पासून ती सोय आहे ना, राज्य बदललं तरी नंबर तोच. तुम्ही विचारलंत, तुझ्या कंपनीची ऑफिसं किती राज्यांत? खासगी नोकरी असेल तर निदान चार राज्यांत लागतात. आमची कंपनी लोअर परळच्या एका गाळ्यात मावते. विषय संपला.

मग बेळगावच्या आरटीओकडून एनओसी काढायला अठ्ठावीस नंबरचा फॉर्म. पण त्याआधी तुम्ही आरसी हातात घेऊन चष्म्याच्या खालून वाचली आणि म्हणालात, "हप्ते फिटले ना? मग बँकेचं नाव इथे काय करतंय?" खरंच की. कर्ज फिटून दोन वर्षं झाली होती आणि आरसीवरचं एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायचं मला ठाऊकच नव्हतं. बँकेकडून पस्तीस नंबरचा फॉर्म आणि ना हरकत पत्र आणून ते आधी काढावं लागलं. नाहीतर एनओसीचा अर्ज तिथेच अडला असता. त्या पोराला मी पहिलं हेच सांगितलं. आरसी काढ आणि खालची ओळ वाच.

फॉर्मवर चेसिस नंबराचा आणि इंजिन नंबराचा पेन्सिल प्रिंट लागतो. तो रविवार मला चांगला आठवतो. तुमच्या नातीच्या दप्तरातली पेन्सिल, पातळ कागदाची एक पट्टी आणि माझ्या मोबाइलचा टॉर्च. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर, केबलींच्या गुंत्यामागे. मी हँडल पूर्ण डावीकडे वळवून धरलं, तुम्ही एका हाताने केबली बाजूला सारल्यात आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल आडवी धरून घासायला लागलात. पहिली पट्टी फाटली. दुसरीवर नुसता काळा डाग. तुम्ही म्हणालात, नंबर रंगाने बुजलाय. मग जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून तो साफ केलात, पुसून कोरडा केलात आणि तिसरी पट्टी ठेवलीत. पेन्सिल पुढे सरकली तसा एकेक आकडा करड्या रंगातून पांढरा वर येत गेला. तुम्ही तो मोठ्याने वाचत होता आणि नात आरसीवर बोट ठेवून ताडून बघत होती. शेवटचा आकडा जुळल्यावर ती ओरडली, "आजोबा, पास!" इतकी वर्षं ती गाडी मी पुसली, धुतली, हाकली, पण तिच्या अंगावर असं काही कोरलेलं आहे हे पहिल्यांदा पाहिलं.

बेळगावची एनओसी आल्यावर वडाळ्याच्या आरटीओत तुम्ही डबा घेऊन सोबत आलात. सत्तावीस नंबरचा फॉर्म, विमा, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी, आणि आजीवन कर परत एकदा. एका गाडीला दोन आजीवन कर, म्हणजे तिला दोन आयुष्यं आहेत असं तुम्ही म्हणालात. कर्नाटकात भरलेल्या करातला उरलेला हिस्सा नव्या आरसीची प्रत जोडून परत मागता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. एमएच झिरो थ्रीची पाटी लागली तेव्हा मी बाबांना फोटो पाठवला. बाबांचं अर्धं आयुष्य सीमाभागाच्या मोर्च्यांत गेलंय. त्यांचा फोन आला, म्हणाले, "आम्ही जन्मभर मागत राहिलो, आणि गाडी आधी महाराष्ट्रात गेली की रे." तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि मग बराच वेळ काही बोलला नाहीत.

पण कागद काय, उशिरा का होईना, कुणीही करून दिले असते. खरे आभार मानायचेत ते रविवार सकाळचे.

पहिल्याच आठवड्यात मी फोनचा नकाशा बघत फोर्टला निघालो होतो आणि थेट ईस्टर्न फ्रीवेच्या तोंडाशी जाऊन पोहोचलो. दुचाकीला बंदी. चलान फाडून घरी आलो. तुम्ही म्हणालात, "फोनला काय माहीत तू किती चाकांवर आहेस? तू सांगितलंस का त्याला?" खरंच, नकाशा गाडीच्या खुणेवर होता, दुचाकीच्या नव्हे. मग तुम्ही बोटं मोजत यादी केलीत. फ्रीवे नाही. वांद्रे–वरळी सी-लिंक नाही. कोस्टल रोड नाही. जानेवारी 2024 मध्ये उघडलेला अटल सेतू, 21.8 किलोमीटरचा, तोही नाही. जे. जे.चा पूल 2010 पासून नाही. पुण्याला निघालास तर एक्सप्रेस वे नाही, पनवेलवरून जुन्या रस्त्याने खोपोली, खंडाळा. मला जरा रागच आला. या शहराचे जेवढे देखणे रस्ते आहेत तेवढे आपल्याला बंद. तुम्ही म्हणालात, "वरून जाणाऱ्याला काय दिसतं? चल, खालून दाखवतो."

रविवारी सकाळी सहाला तुम्ही खाली हजर, डोक्यावर जावयाचं हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, मुंबईत जून 2022 पासून, त्यामुळे तुमचा इलाज नव्हता, पण "हा टोप घालून मला माझाच आवाज ऐकू येत नाही" ही तक्रार सायनपर्यंत चालू होती. बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही खांद्यावर टकटक सुरू केलीत. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे जाऊ दे. कंडक्टरची घंटी. तुम्ही उभी हयात ती घंटी ऐकून बस चालवलीत आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतः वाजवलीत. मला आरशात तुमचा चेहरा दिसत होता, काका. मजा येत होती तुम्हाला.

एलबीएस मार्गाने विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, सायन. मग आंबेडकर रोड. किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी एक टकटक, "इथे पाणी." दादर टीटी ओलांडून हिंदमाताला पुन्हा एक, "इथे तर आहेच." परळ, लालबाग, भायखळा. जे. जे.ला सगळ्या गाड्या वर चढल्या आणि आपण पुलाच्या सावलीत शिरलो. मोहम्मद अली रोडवर त्या वेळी पाव उतरवत होते. वर पुलाच्या कठड्याला लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या, खाली हातगाड्या. तुम्ही सांगत होता, या रस्त्यावर पूल नव्हता तेव्हा बस कशी काढावी लागायची आणि कुठला दुकानदार उतरून गर्दी हटवायचा. क्रॉफर्ड मार्केट, मग सीएसएमटी. स्टेशनसमोर तुम्ही हेल्मेट काढलंत आणि चहा पिताना मला बस शिकवलीत. बस चालवायला नाही, बसपासून जपायला.

ते मी त्या पोराला शब्दशः सांगितलं. स्टॉपवर थांबलेल्या बसच्या डावीकडून कधी घुसायचं नाही, तिथे माणूस उतरत असतो आणि उतरणारा खाली बघतो, मागे नाही. बसच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड तुला दिसत नसेल तर त्याच्या लेखी तू रस्त्यावर नाहीसच. तुम्ही म्हणालात, "तुम्ही पोरं डावीकडून सुळकन जाता ना, तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. निवृत्त झालो तरी झोपेत ब्रेक दाबतो मी." हसत म्हणालात, पण पाय खरोखर जमिनीवर दाबला होता.

आणि पाऊस. बेळगावला पाऊस कमी नसतो, म्हणून मी शहाणपणा करायला गेलो. तुम्ही 26 जुलै 2005 काढलात, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, आणि कुर्ल्याजवळ बसमध्ये अडकलेली माणसं, रात्रभर स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलेले तुम्ही. त्यानंतर मी शहाणपणा केला नाही. पाण्यात पहिला गिअर, क्लच जरासा दाबलेला, रेस सोडायची नाही. सायलेन्सर बुडेल इतकं पाणी दिसलं तर शिरायचंच नाही. बंद पडली तर स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, गुपचूप ढकलायची. पाण्याखाली गटाराचं झाकण आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी पत्र्यांवर आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर ब्रेक नाही, आधीच वेग कमी. आणि पहिल्या सरीत घाई नाही, रस्त्यावरचं तेल वर येतं.

तरी एक चूक केलीच. जूनमध्ये गाडीवर प्लास्टिकचं कव्हर करकचून बांधलं आणि गावी गेलो. आलो तर सीटवर पांढरी बुरशी आणि साखळी तांबडीलाल. तुम्ही म्हणालात, "मेल्या, लोणचं घातलंस काय गाडीचं?" हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्यायचं आणि साखळीला दर पंधरा दिवसांनी तेल द्यायचं, हा माझा मुंबईतला पावसाळी नियम तुमच्या त्या वाक्यातून आला.

इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगलो. तुम्ही डोंबिवलीला लेकाकडे, मी पलीकडच्या गल्लीत. सामान हलवायच्या गडबडीत मला तुम्हाला नीट नमस्कारही करता आला नाही. टेम्पो निघाल्यावर लक्षात आलं की निळी खुर्ची पंपरूमपाशीच राहिलीय. ती मी उचलून आणली. अळूचे चार कांदेही काढून आणलेत, सध्या माझ्या खिडकीत आहेत, एकाला पान फुटलंय.

येत्या रविवारी येतो. कुंदा आणतो, बाबांनी पाठवलाय, तुमची साखर बघून अर्धाच द्यायचा असा वहिनींचा निरोप आहे. खुर्ची मागच्या सीटवर उलटी बांधून आणतोय, ऐरोलीचा पूल, महापे, शिळफाटा असा रस्ता धरून. सकाळी सहाला निघेन. तुमच्याकडे खाली गाडी लावायला जागा आहे का, तेवढं वहिनींना विचारून ठेवा.

तुमचा,
केए बावीस (आता एमएच झिरो थ्री)