भरतीची वेळ छापता, तशी वाऱ्याचीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कोकण आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा नेमाने येतात. हवामान बिघडले की 'बंदरांवर तीन नंबरचा बावटा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' ही बातमीही ठळकपणे येते. पण खाडीत, बंदराच्या आत किंवा बेटाच्या आडोशाला चालणाऱ्या लहान होड्यांना लागणारी माहिती या दोहोंत कुठेच नसते. 'आपण कुठे समुद्रात चाललोय, हे तर खाडीचं पाणी' असे म्हणत माणसे होडीत बसतात आणि खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी येऊन फसतात.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा साधारणपणे वारा ताशी 45 किलोमीटरच्या पुढे जाणार असेल तेव्हा येतो. नोव्हेंबर ते मे या काळात दुपारी सुटणारा खारा वारा ताशी 25 ते 30 किलोमीटरचा असतो. तो रोजचाच, त्यामुळे इशाऱ्यात बसत नाही. उघड्या समुद्रातल्या ट्रॉलरला त्याचे काही वाटत नाही. सात मीटरच्या होडीला मात्र खाडीच्या तोंडावर तोच वारा पुरतो, आणि याचे कारण ओहोटी आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. पुढचे गणित मात्र फारसे कुणी मांडत नाही. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी भरती बाराच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे ओहोटीचा सर्वांत जोराचा ओढ दोन ते चारच्या दरम्यान येतो. खारा वाराही त्याच वेळी ऐन भरात असतो. पाणी पश्चिमेला बाहेर धावते आणि वारा पश्चिम-वायव्येकडून आत येतो. महिन्यातले सर्वांत वेगवान पाणी आणि दिवसातला सर्वांत जोराचा वारा नेमके एकमेकांच्या अंगावर येतात. हा योगायोग नाही. दर पंधरवड्याला दोन-तीन दिवस दाभोळ, बाणकोट, जयगड, देवबाग या सगळ्या मुखांवर हेच घडते. उलट अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, दुपारी भरती चढत असते, वारा आणि पाणी एकाच दिशेने जातात, आणि तोच वारा असूनही पाणी सपाट वाटते.

पाणी किती ओढणार हे बारा हिश्श्यांवरून कळते. ओहोटीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक असे बारावे हिस्से उतरते. मुंबई बंदरात उधाणाला फरक चार मीटरचा धरला, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला एकेक मीटर पाणी जाते. मालवणकडे एकूण फरक याच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण अरुंद मुखातून निघताना तेही पाणी चांगलेच ओढते.

आता लाट पाहू. दहा किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून ताशी 35 किलोमीटरचा वारा काही वेळ वाहिला, तर साधारण अर्धा मीटर उंचीची आणि तीन सेकंदांच्या अंतराने येणारी लाट उठते. तिची लांबी सुमारे 14 मीटर. दोन नॉटची (ताशी 3.7 किलोमीटरची) ओहोटी तिला समोरून भेटली की लांबी साडेसहा मीटरच्या आत आखडते, उंची दुपटीहून जास्त होऊ पाहते आणि ती पेलवत नाही म्हणून माथा फुटतो. सात मीटरच्या होडीची नाळ (पुढचे टोक) एका लाटेतून वर येईपर्यंत दुसरी लाट अंगावर असते. पाणी काठावरून आत येते ते इथे. त्यातच अंदाजात छापलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तासाभरात एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पट येणारच, आणि होडीचा काठ त्या लाटेच्या हिशोबाने उंच हवा. चार माणसे जास्त घेतली की हाच काठ वितीने खाली जातो.

धक्क्यावरून अंदाज घेताना एक फसगत हमखास होते. पांढरे तुरे ठिकठिकाणी दिसले की वारा ताशी 20 किलोमीटरवर गेला असे समजावे. पण वारा पाठीमागून असेल तर लाटांची फक्त पाठ दिसते, तुरे दिसत नाहीत, आणि पाणी आहे त्यापेक्षा शांत भासते. वाऱ्याकडे तोंड करून पाहिल्याशिवाय निघू नये.

दुसरा धोका वाऱ्याविना येतो. दक्षिण महासागरात उठलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर येऊन आपल्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा इथे पानही हलत नसते. केरळ किनाऱ्यावरचा, यासाठीचा 'कल्लक्कडल' हा मल्याळम शब्द आता आपल्याकडच्या इशाऱ्यांतही येऊ लागला आहे. अशा लाटा 15 ते 20 सेकंदांनी येतात. खोल पाण्यात त्या जाणवतही नाहीत, मुखावरच्या वाळूच्या भरावर मात्र उभ्या राहतात. ढोबळ नियम असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की लाट फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटणार. जिथून भरतीला निर्धास्त गेलो, तिथेच ओहोटीला होडी उलटते. शिवाय मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मध्ये काही मिनिटे शांतता असते. त्या शांततेला भुलून लोक आत घुसतात. म्हणून मुखाबाहेर थांबून किमान दहा मिनिटे लाटा मोजाव्यात.

आत येताना काय बिघडते तेही सांगण्यासारखे आहे. मागून आलेली लाट होडीची पिछाडी उचलते, नाळ खाली रुतते, सुकाणू हलके पडते आणि होडी आडवी फिरते. आडव्या होडीला पुढची लाट उलटवते. म्हणून एका लाटेच्या पाठीवर राहून, तिच्या वेगाने आत यावे. तिला ओलांडायला जाऊ नये आणि मध्येच वळूही नये. माणसे खाली, मधोमध बसलेली हवीत आणि जाकिटे मुखाच्या आधीच चढवून बांधलेली हवीत, बाकाखाली नव्हे. इंजिनही बहुधा इथेच बंद पडते. होडी हिंदकळल्यावर टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी डचमळून फिल्टरमध्ये येते. यासाठी टाकी वेळोवेळी तळापासून साफ करावी, आणि नांगर मोकळा व हाताशी ठेवावा. दोराचे दुसरे टोक होडीला पक्के बांधलेले आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा आणि खोली भरतीच्या वेळची धरावी.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमधल्या वळिवाबद्दल थोडेच लिहितो. पूर्वेला सह्याद्रीवर ढग काळवंडले आणि खारा वारा एकाएकी पडला, की वाट न पाहता काठ गाठावा. पहिला झोत जमिनीकडून येतो आणि होडीला बाहेर ढकलतो. हवामान खात्याचा जिल्हावार तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरता असतो. तो निघताना आणि परतण्यापूर्वी असा दोनदा पाहावा. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे. अडचणीत तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक लागतो.

माहिती नाही असे मुळीच नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटेची उंची, कालावधी आणि दिशा रोज देते. सात मीटरपर्यंत रुंदीच्या लहान नौकांसाठी तिची वेगळी सूचनासेवाही आहे. तो अंदाज उघड्या समुद्राचा असतो, मुखावरच्या ओहोटीची बेरीज आपल्यालाच करावी लागते. ती वाचकाला घरबसल्या करता यावी, एवढेच मागणे आहे. भरतीच्या वेळेशेजारी भरती आणि ओहोटीची मीटरमधली उंची, दुपारच्या वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि समुद्रातल्या लाटेची उंची व सेकंद छापावेत. वेग एकदा नॉटमध्ये आणि एकदा किलोमीटरमध्ये असा फिरता नको. एक नॉट म्हणजे 1.85 किलोमीटर, आणि या घोळात 20 चा आकडा वाचणारा निम्माच वारा धरून निघतो. उधाणाची ओहोटी आणि खारा वारा दुपारी एकत्र येणार असतील, त्या दिवशी चौकटीत 'दुपारी दोन ते चार मुखावर लाट' एवढी एक ओळ असावी. हीच चौकट प्रत्येक जेटीवर तिकीट खिडकीशेजारी लावायला बंदर खात्यानेही हरकत घेऊ नये.

आपला,
एक वाचक, दाभोळ (ता. दापोली)