मालीखूलिया म्हणजे जिनाची बाधा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगीन इराणी वैद्यकावरचा लेख वाचून राहवले नाही. मालीखूलिया, म्हणजे मेलँकोलिया हा मनोविकार, ही जिनाची बाधा, असे तेव्हाचे हकीम मानत, हे विधान साफ चुकीचे आहे. इराणी वैद्य इब्न सीनाने ‘कानून’ या आपल्या वैद्यकग्रंथाच्या तिसऱ्या भागात नेमका याच मताचा समाचार घेतला आहे. जिनामुळे होते की नाही, याच्याशी वैद्याला कर्तव्य नाही. जिनामुळे होते असे धरले तरी प्रकृती सौद्याकडे, म्हणजे काळ्या पित्ताकडे, झुकल्यावरच होणार. तेव्हा जवळचे कारण सौदाच, असे तो लिहितो.

लेखाची निम्मी जागा स्वतःला गाय समजणाऱ्या राजपुत्राच्या गोष्टीने खाल्ली आहे, तीही इब्न सीनाची स्वतःची नोंद म्हणून. ती गोष्ट निजामी अरूजी या फारसी लेखकाच्या ‘चहार मकाला’ या ग्रंथात येते, इब्न सीना 1037 मध्ये वारल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी. खुद्द ‘कानून’मधले रुग्ण का नाही दिले? कुणाला आभाळ कोसळण्याची धास्ती, कुणाला जमीन गिळेल याची. कुणी स्वतःला पक्षी समजतो.

खरे वैद्यक तर लेखात आलेच नाही. दोष, म्हणजे बिघडलेला सौदा, नुसत्या मेंदूत, सर्वांगात की बरगड्यांखाली पोटात, हे आधी ठरवत. तिसरा प्रकार ‘मराकी’: आंबट ढेकर, पोटफुगी, जळजळ. रक्त जळून सौदा झाला तर रुग्ण हसतो, पिवळे पित्त जळून झाला तर खवळतो, कफातून झाला तर सुस्त पडतो. लेखात या विकाराला ‘आजचे डिप्रेशन’ म्हटले आहे; हसणाऱ्या रुग्णाला तसे कसे म्हणणार?

उपचाराचा क्रमही उलटा छापला आहे. आधी मुंजिज देऊन दोष पिकवायचा, मगच मुसहिल, म्हणजे रेचक. घाई केली तर पातळ भाग निघून जातो, दाट गाळ मागे राहतो आणि मुळात कोरडे पडलेले शरीर आणखी सुकते. म्हणूनच कोमट स्नान, डोक्याला बनफशाच्या फुलांचे तेल आणि भरपूर झोप यांवर भर असे. रक्त काढायचे तर जालीनूसचा, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेनचा, नियम: काळे आले तर वाहू द्या, लाल आले की तिथेच थांबा.

आणि ती ‘घरगुती काढा’ची चौकट! ‘अफ्तीमून (अमरवेलीच्या कुळातली एक औषधी वेल) उकळा’ एवढेच. प्रमाण नाही, इशारा नाही. अफ्तीमून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काढा उतरवण्याच्या बेताला टाकतात. फार उकळला तर गुण जातो. शिवाय कुंपणावरची आपली अमरवेल ही वेगळी जात. कुणीतरी तीच तोडून आणेल आणि आधीच खचलेल्या माणसाला पाजेल. चौकट मागे घेतल्याचे येत्या रविवारी, त्याच पानावर छापावे.

– एक युनानी चिकित्सक, मालेगाव