भुंग्यावर फवारा नको, वाशाला रंग द्या

संपादक महोदय, नमस्कार,

ऊन तापायला लागलं की आमच्याकडे तळकोकणात कौलारू घरांच्या पडवीत काळे मोठे भुंगे घोंघावायला लागतात, आणि दोन दिवसांत कोणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतोच. आमच्या शेजारी एकाने तर येऊन वाळवीचंच औषध मारलं आणि पैसे घेऊन गेला, भुंगे आहेत तिथेच!

अहो, वाळवी लाकूड खाते, भुंगा खात नाही. मादी फक्त घर करायला वासा कोरते. वाशाच्या खालून बघा, बोट जाईल एवढं गोल गुळगुळीत भोक, जणू सुताराने गिरमिट लावलंय, खाली जमिनीवर ताजा भुसा आणि भिंतीवर पिवळट ओघळ. भोक थोडं आत जाऊन मग आडवं वळतं, लाकडाच्या रेषेने, आणि त्या बोगद्यात ती परागकण आणि मधाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत घालते, की पुढची खोली. एका भोकाने घर पडत नाही, पण तीच भोकं वर्षानुवर्षं वापरली जातात, वाढत जातात, पाणी मुरतं आणि मग वासा खरंच कुजतो.

तोंडासमोर येऊन गिरक्या घेणारा बहुधा नर असतो, त्याला नांगी नसते. मादीला असते पण हातात पकडल्याशिवाय ती सहसा चावत नाही, त्यामुळे झाडू घेऊन मागे धावायची काही गरज नाही. आणि शेवगा, तूर, ताग यांच्या फुलांवर हेच भुंगे काम करतात, ते मारून शेंगा कमी झाल्या की परत आपणच रडणार.

कीर्तनात ऐकतो ना, कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कमळात अडकतो, तर त्यातलं ते कोरडं महत्त्वाचं. त्याला उघडं, जुनं, मऊ लाकूड आवडतं. हल्ली होमस्टेवाले पाइनवुड लावतात आणि नुसतं पॉलिश मारून सोडतात, म्हणजे आमंत्रणच की. ऑइलपेंटचे दोन हात द्या, आणि मुख्य म्हणजे वाशाची खालची बाजू आणि कापलेली टोकं सोडू नका, रंगारी नेमकं तेच सोडतो, कारण खालून कोण बघतंय.

जुनी भोकं बुजवायची घाई मात्र नको. आत पिल्लं असताना लांबी भरली तर ती आतच मरतात, आणि मोठा भुंगा अडकला तर दुसरीकडून कोरून बाहेर पडतो, म्हणजे एकाची दोन भोकं. ये-जा थांबली, ताजा भुसा पडायचा बंद झाला की लाकडाची खुंटी फेविकॉल लावून ठोका, घासा आणि वरून रंग. पावसाआधी कौलं परतायला माणसं येतात तेव्हा वासे बघून घ्या, जे रिकामे दिसतील ते तेव्हाच उरकतात, शिडी पण लावलेलीच असते. आणि परसात कुंपणाला दोन-चार जुने बांबू राहू देत, तिथे भुंग्यांनी काय करायचं ते करावं.

– एक वाचक, कुडाळ