चुंबक कुणाला धरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रॉनच्या स्पिनने, म्हणजे त्याला इवलासा चुंबक बनवणाऱ्या अंगभूत गुणधर्माने, रासायनिक अभिक्रिया वळवता येतात, हा विषय कालच्या रविवार पुरवणीत घेतलात, त्याबद्दल आभार. पण ‘चुंबक लावा, अभिक्रिया वळवा’ हा मथळा देणाऱ्याने खालचा लेख वाचला होता का?

लेखात रॉन नामान यांचं नाव आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत त्यांच्या गटाने पाण्याचं विघटन करताना धनाग्रावर, म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या टोकावर, कायरल, म्हणजे हातमोज्यांसारखे डावे-उजवे, रेणू चढवले. त्यांतून एका विशिष्ट स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त सहज जातात. ऑक्सिजनच्या रेणूतले दोन सुटे इलेक्ट्रॉन समांतर स्पिनचे असतात. म्हणून तो तयार होणं सोपं होतं आणि नको असलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड घटतं. गाळणीचं काम रेणूच करतात, चुंबक नाही! चुंबकक्षेत्राने अभिक्रियेची वाट बदलते ती मुख्यतः मुक्त मूलकांच्या, म्हणजे जोडीदाराविना सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या, जोड्यांत. तिथेही आधी सुटे इलेक्ट्रॉन हवेत.

हे मी आमच्या सोसायटीच्या सभेत घसा कोरडा करून सांगितलं होतं. पाण्यातले क्षार जावेत म्हणून टाकीच्या पाइपला चुंबकाचं यंत्र बसवायचं चाललं होतं. म्हटलं, पाण्याच्या रेणूत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, एकमेकांचा स्पिन रद्द करणारे, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आयनांतही तसेच. चुंबक धरणार कुणाला? सेक्रेटरी म्हणाले, “सर, तुमचा सिलॅबस जुना झाला.” सभा हसली, ठराव पास झाला, वर्गणी माझ्याकडूनही घेतली. गीझरची कॉइल आजही पांढरीफटक आहे.

आणि काल सकाळी माझा चहा व्हायच्या आत तुमच्या लेखाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर हजर. लेख नाही हो, नुसता मथळा. खाली ‘सरांनी अवश्य वाचावे’ आणि जोडलेले हात. दुपारपर्यंत अंगठेच अंगठे. आता पुढच्या सभेत दुसऱ्या विंगसाठीही यंत्र येणार, आणि पुरावा म्हणून तुमचा पेपर फिरणार. अभिनंदन.

त्याच पानावर, लेखाला अगदी चिकटून, गुडघेदुखीवरच्या चुंबकीय गादीची जाहिरात आहे. हा योगायोग मानण्याइतका मी भोळा नाही. शिवाय रासायनिक सूत्रांतले अंक अक्षराच्या पायाशी छापतात, डोक्यावर नव्हे; हे नववीची मुलंही सांगतील.

मथळ्याची दुरुस्ती मथळ्याएवढ्याच टायपात छापावी. ती ग्रुपवर टाकायचं मी बघतो.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा